डाव्या हाताचा पीळ

संपादकांचं पत्र आलं आहे. वर्कशॉपमधल्या दिवसांच्या चार खुसखुशीत आठवणी पाठवा, दिवाळीत वाचकांना हलकंफुलकं लागतं, असं त्यांनी लिहिलं आहे. त्यांचा काही दोष नाही. मागे दोनदा मी त्यांना तसंच लिहून पाठवलं होतं. त्या दोन्ही लेखांत श्रीपत आहे, गमतीचा माणूस म्हणून. वाचकांना तो आवडला, असं मला कळवण्यात आलं.

श्रीपत या उन्हाळ्यात गेला. तेव्हा या वेळी खुसखुशीत काही नाही.

एका सरकारी कचेरीत, कुठल्यातरी बांधून ठेवलेल्या गठ्ठ्यात माझ्या अक्षरातला एक कागद असेल. त्यात असं लिहिलं आहे: ‘सदर कामगाराने, मालकांची सक्त मनाई असताना, सुरक्षेचे साधन स्वतःच्या हाताने निकामी केले व त्यामुळे आग लागली.’ कामगार म्हणजे श्रीपत. साधन म्हणजे एक पितळी गोळा. वाक्य शुद्ध आहे, अक्षर सुवाच्य आहे, आणि मजकूर पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत खोटा आहे. तो खोटा कसा, हे सांगायचं तर आधी आमचं यंत्र समजून घ्यावं लागेल.

महाराष्ट्र राज्य होऊन काही वर्षं झाली होती. चिखलीत कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या आवाराला लागून एक वर्कशॉप होतं. जिनाच्या, तेलघाण्याच्या, डाळमिलच्या यंत्रांचे सुटे भाग तिथे व्हायचे. मी मॅट्रिक झालेला, इंग्रजी वाचणारा, म्हणून स्टोअरकीपर. फावल्या वेळात पुस्तक घेऊन बसतो म्हणून माझं नाव पडलं मास्तर. श्रीपत धाड गावचा, माळ्याचा. घरी वांगी, मिरच्या, मेथी. तो चौथी शिकला होता आणि त्याच्या हातात कानस दिली की आम्ही बाकीचे नुसते उभे राहून पाहायचो.

त्याचं मुख्य काम डाय करणं. डाय म्हणजे पत्र्याला ठराविक आकाराचं भोक पाडणारा पोलादी साचा. खाली डाय, वरून तसाच आकार घेऊन येणारा पंच, मध्ये पत्रा. डाय आणि पंच यांच्यात केसाएवढं अंतर ठेवायचं. जास्त झालं तर भोकाला खरबरीत, धारदार कड राहते, कमी झालं तर डाय फुटते. डाळमिलच्या चाळण्यांना असली भोकं हजारोंनी लागतात. श्रीपत मऊ पोलादात कानशीने आकार काढायचा, त्याला आठ-आठ दिवस लागायचे. मग ते पोलाद लाल तापवून तेलात बुडवायचं, म्हणजे त्याला पाणी द्यायचं. पाणी दिल्यावर पोलाद कडक होतं, पण होता होता आपल्या मर्जीने जरासं वाकतं. आठ दिवसांची मेहनत त्या एका क्षणात वाकडी व्हायची आणि श्रीपत दिवसभर कोणाशी बोलायचा नाही.

वाचनालयाने रद्दीत काढलेल्या पुस्तकांत मला एक पातळ रशियन पुस्तिका सापडली, इंग्रजी भाषांतरातली. विजेच्या ठिणगीने पोलाद कापता येतं, असं तिच्यात होतं. मी श्रीपतला ती जेवणाच्या सुट्टीत मराठीत सांगितली.

“म्हणजे पाणी दिलेलं पोलाद कापता येते?” त्याने विचारलं.

“तसं लिहिलंय.”

“मंग आधी पाणी देऊ अन् मागून कापू. वाकाचं ते आधीच वाकून जाईन.” थोडं थांबून म्हणाला, “वाचा बरं पुन्हा. हळू वाचा.”

पुढची दोन वर्षं आम्ही ते यंत्र केलं. विकत आणलेलं त्यात फार थोडं. जुन्या लेथचा सरकणारा पाट, रेडिओ दुरुस्तीवाल्याकडचे वीज साठवणारे कंडेन्सर, वीज आवरायला ओळीने लावलेले बल्ब, पत्र्याची एक टाकी. मोटारीला गुंडाळतात तसली बारीक तांब्याची तार एका रिळावरून सुटायची, कापायच्या पोलादाजवळून जायची आणि दुसऱ्या रिळावर गुंडाळली जायची. सगळं रॉकेलमध्ये बुडालेलं.

करवतीसारखं दिसतं, पण ती करवत नाही. तार पोलादाला लागत नाही. लागली तर काम बंद पडतं. दोघांमध्ये एक सूक्ष्म फट राहते, त्या फटीतून ठिणगी उडते, आणि प्रत्येक ठिणगी पोलादाचा एक कण वितळवून घेऊन जाते. सेकंदाला कितीतरी ठिणग्या. रॉकेल तो कण धुऊन नेतं, ठिणगीला आवरून धरतं आणि हवा लागू देत नाही. दिवसभरात बोटाच्या पेरापेक्षा जास्त काप होत नसे. पण जो होई तो काचेसारखा.

फट किती आहे हे दिसत नाही. श्रीपत ते कानाने ओळखायचा. फट बरोबर असली की कढईत ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा सारखा, भरगच्च आवाज. फट वाढली की तोच आवाज तुटक. तार टेकली की एकदम शांत. एक हात पाट सरकवणाऱ्या स्क्रूवर ठेवून, डोळे मिटून तो बसायचा आणि त्या आवाजावर स्क्रू फिरवायचा. मी वहीत आकडे लिहायचो: किती जाडीची तार, किती कंडेन्सर, फट किती सोडावी. मला माझ्या वहीचा अभिमान होता. ती वही घेऊन दुसऱ्या कोणी बसलं की तार तुटायची.

माझ्याकडे आणखी एक काम असायचं, तारेची टोकं बांधण्याचं. मी डावखुरा. दोन टोकं पकडीत धरून पीळ दिला की माझा पीळ इतरांच्या उलट बसतो. त्याने मजबुतीत काही फरक पडत नाही. पण श्रीपतला ते खपायचं नाही. तो माझा पीळ पाहिला की न बोलता सोडायचा आणि सुलट घालायचा.

“मास्तर, तुमी लिहिता उजव्या हातानं, मंग पीळच काऊन डाव्या हातानं?”

“लिहायला शाळेत मारून शिकवलं. पीळ द्यायला कोणी शिकवलं नाही.”

“कोणी बी सांगन पाहून, हा मास्तरनं बांधला म्हणून.”

हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

त्या यंत्राची कीर्ती झाली ती एका बँडमास्तरमुळे. मागच्या एका लेखात मी ही गोष्ट लिहिली आहे, पण तिथे एक गोष्ट गाळली होती. ऐन लग्नसराईत त्याच्या पितळी कॉर्नेटच्या, म्हणजे तुतारीसारख्या वाद्याच्या, खटक्याखाली पोलादी स्क्रू तुटून अडकला. ड्रिलने काढायला जावं तर पितळ फाटेल. कोणीतरी त्याला आमच्याकडे पाठवलं. तो बिडी ओढतच आत आला.

“परवा लगन आहे अन् वाजा मुका झाला,” तो म्हणाला.

श्रीपत उठला, त्याच्या तोंडातली बिडी काढली, बाहेर नेली, पायाखाली चिरडली आणि परत येऊन बसला. “मुका नाही झाला. घशात काटा अडकला. बसा.”

“किती वेळ लागन?”

“तुमी गप बसले तं एक तास. बोलले तं दोन.”

बँडमास्तर तासभर तोंडावर हात ठेवून बसला होता. तारेच्या जागी तांब्याची बारीक सळई लावून स्क्रू ठिणगीने खाऊन टाकला, पितळाला ओरखडा नाही. त्या आनंदात त्याने गेटवर उभं राहून असं काही वाजवलं की जिनातल्या बाया काम सोडून बाहेर आल्या. लेखात मी तो प्रसंग रंगवला आणि बिडी गाळली, कारण बिडीत काही विनोद नव्हता. खरं तर तीच सांगण्यासारखी होती. यंत्राच्या वीस पावलांत श्रीपत कोणाला काडी ओढू देत नसे. दसऱ्याला सगळ्या यंत्रांपुढे निरांजन लागायचं, या एका यंत्रापुढे नुसतं झेंडूचं फूल. मालकांच्या घरच्यांना ते आवडायचं नाही. “फुलानं भागते देवाचं,” तो म्हणायचा. अशा माणसाला मी कागदावर निष्काळजी केलं.

आता गोळा. सुरुवातीच्या दिवसांत एकदा रॉकेलची पातळी खाली गेली, ठिणगी वरच्या थराशी आली आणि भपकन ज्वाळा उठली. ओल्या पोत्याने विझली. श्रीपतने दुसऱ्याच दिवशी पाण्याच्या टाकीत असतो तसला पोकळ पितळी गोळा आणला, त्याला दांडी लावली, दांडीला स्विच. रॉकेल तारेच्या वर दोन बोटं असेपर्यंत गोळा तरंगणार. पातळी त्याखाली गेली की गोळा खाली, वीज बंद. टाकीच्या मागच्या अंगाला, झाकणाखाली तो बसवला होता. दांडी एका खिळीवर नुसती अडकवलेली, साफ करायला उचलली की हातात यायची. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी श्रीपत मागे जाऊन अंगठ्याने गोळा दाबायचा. बल्ब विझले की म्हणायचा, “झाला रामराम,” आणि मग बसायचा.

मग रॉकेलची टंचाई आली. रेशन दुकानापुढे बाटल्या आणि डबे रांगेत ठेवून लोक सावलीत बसत. आमच्या मालकांना यंत्राच्या नावाने रॉकेल मंजूर झालं होतं. पिंपं पुढच्या दाराने आत यायची आणि मागच्या दाराने जीपमध्ये बसून जायची. मी स्टोअरकीपर. येताना मी पाहायचो, जाताना पाहायचो नाही. चिखलीत तेव्हा मुलं म्युनिसिपालटीच्या दिव्याखाली अभ्यास करत होती, त्यांत माझी दोन होती.

टाकीत रॉकेल कमी पडू लागलं. श्रीपतने तळाशी लोखंडाचे ठोकळे टाकून पातळी वर आणली. पण थोडं रॉकेल लवकर तापतं, तापलं की उडतं, आणि गोळा दिवसातून चार वेळा वीज बंद करू लागला. श्रीपत मालकांकडे गेला.

“मालक, टाकी भरून द्या. नाही तं मशीन बंद ठेवा. तिसरं काही नाही.”

“बघू,” मालक म्हणाले.

त्याच आठवड्यात नांदुऱ्याच्या एका डाळमिलची घाईची डाय आली. श्रीपतला एक दिवस धाडला जायचं होतं, मोठ्या मुलीचं नाव शाळेत घालायला. आदल्या संध्याकाळी निघताना मला म्हणाला, “मास्तर, काप अर्ध्यावर आहे. मी उद्या दुपारच्या गाडीनं येतो. तोवर हळूहळू चालवा. थांबवू नका.”

इथे आमची एक रीत सांगायला हवी. चालू काप मध्येच थांबवला की पुन्हा सुरू करताना तार अगदी तिथेच येत नाही, पोलादावर एक बारीक पायरी उमटते. ती पायरी पंचाला अडते. रात्री थांबायचं तेही काप आकाराच्या कोपऱ्यावर आणून, तिथे पायरी लपते. म्हणून एक माणूस उठला तरी दुसरा चालत्या यंत्रावरच बसायचा. एकाने स्क्रूवरचा हात काढण्याआधी दुसऱ्याने ठेवायचा. आम्हाला या रीतीचा मोठा अभिमान होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसलो. तासाभरात गोळ्याने वीज तोडली. वाट पाहिली, रॉकेल थंड झालं, वाटीभर होतं ते ओतलं, पुन्हा सुरू केलं. पुन्हा तोडली. कापावर दोन पायऱ्या उमटल्या, त्या घासून काढता आल्या असत्या, आणखी परवडणार नव्हत्या. मालक येऊन मागे उभे राहिले.

“काय झालं मास्तर?”

“रॉकेल हवं.”

“रॉकेल संध्याकाळी येईल. तोवर तो गोळा बांधा वर.”

मी रिकाम्या वाटीकडे पाहिलं.

“अहो, दोन-चार तासांचा प्रश्न आहे. तुम्ही इथे बसलेलेच आहात. डोळे आहेत ना तुम्हाला?”

मी उठलो, टाकीच्या मागे गेलो, तांब्याच्या तारेचा तुकडा पीळ देऊन दांडीला बांधला आणि त्याचं दुसरं टोक आकड्यासारखं टाकीच्या कडेवर अडकवलं. गोळा हवेत लटकला. यंत्राला आता टाकी कायम भरलेली वाटणार होती. मी परत येऊन बसलो आणि डोळे होते म्हणून पातळीकडे पाहत राहिलो. सकाळ तशी गेली. काही झालं नाही. न झाल्यामुळे मला धीर आला, आणि त्या धीराचा मला आज सगळ्यात जास्त राग येतो.

एकच्या सुमारास श्रीपत आला. खांद्याला पिशवी, चेहऱ्यावर मुलगी शाळेत गेल्याचा आनंद. मालक दारात उभे होते. श्रीपतने पिशवी ठेवली, यंत्राजवळ आला, मान तिरकी करून ऐकलं.

“आवाज जरा कोरडा येऊन राह्यला,” तो म्हणाला. मग माझ्याकडे पाहिलं. “गोळा पाह्यला का, मास्तर?”

गोळा दाबून पाहायचा तर वीज तुटणार, काप थांबणार, पायरी उमटणार. म्हणून त्याने विचारलं. विचारणं हीच त्याची तपासणी होती. सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. मी दाराकडे पाहिलं. मालक पाहत होते.

“हाव,” मी म्हणालो.

एरवी मी हो म्हणतो. त्या दिवशी त्याच्या बोलीत म्हणालो. खोटं बोलताना माणूस समोरच्याच्या जवळ सरकतो की काय, मला माहीत नाही.

त्याने माझ्या हाताशेजारी हात ठेवला. मी माझा काढला. हात धुऊन मी बाहेर लिंबाखाली डबा उघडला. दुसरा घास घेत असताना आतला लाह्यांचा आवाज थांबला आणि दुसराच आवाज आला. मी आत पोचलो तेव्हा श्रीपतने मेन स्विच खाली ओढला होता आणि दोन्ही हातांनी ओलं पोतं टाकीवर दाबून धरलं होतं. पोत्याखालून ज्वाळा त्याच्या हातांवर येत होत्या. शेजारी रॉकेलचं पिंप होतं, रिकामं, पण आत वाफ भरलेलं. त्याने पोतं सोडलं असतं तर ते पिंप फुटलं असतं आणि भिंतीपलीकडची जिनातली कापसाची गंजीही राहिली नसती. त्याने सोडलं नाही.

त्याला बुलढाण्याच्या दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी त्याची बायको वर्कशॉपमध्ये आली. आम्ही तिला वहिनी म्हणायचो. श्रीपतची पिशवी आणि डबा न्यायला आली होती. ती यंत्राजवळ गेली, टाकीच्या मागे वाकली, क्षणभर दिसेनाशी झाली. मला वाटलं, नमस्कार करते आहे. ज्या यंत्राने नवऱ्याचे हात खाल्ले त्याला नमस्कार, म्हणून मला भरून आलं. मी तोंड फिरवलं.

ती गेल्यावर मी टाकीमागे गेलो. कशासाठी, तेही लिहितो: बांधलेली तार सोडून टाकायला. तिथे तार नव्हती आणि गोळाही नव्हता. मालकांनी आधीच काढून नेला असणार, असं मी धरलं. मला हायसं वाटलं.

चार दिवसांनी मालकांनी मला घरी बोलावलं. तिथे त्यांचे वकील बसले होते. तपासणीला सरकारी साहेब येणार होते, त्यांच्यापुढे प्रत्यक्ष पाहणाऱ्याचा जबाब ठेवायचा होता.

“मास्तर, गोळा बांधला कोणी?” मालकांनी विचारलं.

“तुम्ही सांगितलंत म्हणून...”

“मी पुष्कळ काही सांगत असतो. बांधला कोणी?”

मी वकिलांकडे पाहिलं.

“दोघांपैकी एकाचं नाव लिहायचं आहे,” ते शांतपणे म्हणाले. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. “ज्याचे हात गेलेच आहेत त्याचं, की ज्याची नोकरी अजून आहे त्याचं? तुम्ही शिकलेले आहात.”

वकिलांनी वाक्य सांगितलं. ‘स्वतःच्या हाताने’ हे शब्द हवेतच, असं ते म्हणाले. त्या शब्दांवरच सगळं उभं होतं. कामगाराने जाणूनबुजून सुरक्षेचं साधन मोडलं तर त्याचा भरपाईचा हक्क बुडतो. मी लिहिलं. मूळ वाक्यात ‘निकामी केला’ होतं, साधन नपुंसकलिंगी म्हणून मी ते ‘निकामी केले’ असं दुरुस्त केलं. हे मी विसरू शकत नाही. एका माणसाला कागदावर गाडताना मी व्याकरण सांभाळत होतो.

साहेब आले, चहा प्याले, टाकीकडे लांबून पाहिलं, कागद पिशवीत घातला. टाकी अर्धी रिकामी का होती, हे त्यांनी विचारलं नाही. गोळा कुठे आहे, हेही विचारलं नाही.

मी दवाखान्यात गेलो. श्रीपतचे दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले.

“कागद लिहून घेतला म्हणतात तुमच्याकडून,” तो म्हणाला.

“हो.”

“काय लिहिलं, मास्तर?”

“जे झालं ते.”

“मंग बरं,” तो म्हणाला.

त्याचा भरपाईचा अर्ज फेटाळला गेला. बोटं एकमेकांना चिकटून आकसली होती. पुन्हा त्याने कानस धरली नाही, स्क्रू फिरवला नाही. तो धाडला परत गेला. बायको निंदणी करायची, भाऊ पाणी द्यायचे, तो बांधावर उभा राहून सांगायचा. यंत्र काही वर्षांनी भंगारात निघालं. माझी वही मालकांच्या पुतण्याने नेली. मालकांचा पुढे सत्कार झाला, मानपत्र माझ्याकडूनच लिहून घेतलं. तेही मी चांगलं लिहिलं.

धाडच्या बाजारात तो मला वर्षा-दोन वर्षांनी भेटायचा. मेथीच्या जुड्यांमागे बसलेला, हात उपरण्याखाली. यंत्र भंगारात गेल्याचं मी त्याला कधी सांगितलं नाही.

“मशीन कशी आहे, मास्तर?”

“बरी आहे.”

“आवाज?”

“ठीक.”

“टाकी भरून देतात का आता?”

“देतात.”

“अजून काही?” तो विचारायचा.

“अजून काही नाही.”

मग तो बायकोला मला दोन जुड्या द्यायला सांगायचा. मी त्या घेऊन घरी यायचो आणि त्या घरात शिजायच्या. ‘अजून काही’ हे शब्द त्याने किती वेळा विचारले असतील? मी मोजले नाहीत. तो मला वाट करून देत होता आणि मी मेथी घेऊन परत येत होतो.

मागच्या वर्षी माझ्या भाच्याने मला जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत नेलं. तिथे तारेने पोलाद कापणारं नवं यंत्र आहे. रॉकेलऐवजी पाणी, स्क्रूवर हात नाही, आकडे संगणक सांभाळतो. फट किती ठेवावी हे यंत्राला कळतं. चालवणारा हुशार वाटला. त्याने सांगितलं, दार उघडं असलं तर हे सुरूच होत नाही, पाणी कमी झालं तर आपोआप थांबतं.

“कोणी ते बांधून ठेवलं तर?” मी विचारलं.

तो हसला. इकडेतिकडे पाहून त्याने दाराच्या कडेला चिकटपट्टीने लावलेलं एक छोटं लोहचुंबक दाखवलं. ते लावलं की दार उघडं असलं तरी यंत्राला बंद वाटतं. “मालक म्हणतात, दार उघडझाक करण्यात टाइम जातो, काका.”

मी ते चुंबक ओरबाडून काढलं आणि खिडकीतून फेकलं. भाचा ओशाळला. मला बाहेर आणलं, पाणी दिलं, वय झालं म्हणाला. वय झालं हे खरं. पण मी गेल्यावर दहा मिनिटांत तिथे दुसरं चुंबक लागलं असेल, हेही खरं.

श्रीपत गेल्याचं मला उशिरा कळलं. तेरवीला मी गेलो. पंगत उठल्यावर वहिनींनी मला मागच्या पडवीत बोलावलं. त्या आता वाकल्या आहेत. त्यांनी एक फडकं माझ्यापुढे ठेवलं.

“हे तुमच्यासाठी ठेवेल होतं,” त्या म्हणाल्या. “ते सांगून गेले, मास्तर आले तं त्याईले द्या. नाही आले तं विहिरीत टाका.”

फडक्यात गोळा होता. पितळ काळं पडलं होतं. दांडीला तांब्याच्या तारेचा तुकडा अजून तसाच गुंडाळलेला.

“पोतं दाबताना त्याईनं पाह्यला,” वहिनी म्हणाल्या. “दवाखान्यात मले म्हणे, जा, टाकीमागून गोळा काढून आण. कोणाले दाखवू नको, अन् तार सोडू नको. मी आणला. मंग अर्ज नामंजूर झाला तेव्हा मी लई भांडली. म्हटलं, हा दाखवा नं साहेबाले, कोणी बांधला ते दिसते. तुमचा हात तं डावा नाही.”

मी गोळा उचलला.

“काय म्हणाला तो?”

“म्हणे, थांब. मास्तर येईन.” वहिनींनी फडक्याची घडी घातली. “तुमी बाजारात भेटले की घरी येऊन मी विचारो, बोलले का? ते म्हणत, नाही, आज घाईत होते.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. सगळा संपला असावा. माझा आता सुरू झाला आहे. मालकांवर आहे, त्या वकिलावर आहे, चहा पिऊन गेलेल्या साहेबावर आहे. श्रीपतवरही आहे. त्याने एक शिवी द्यायला हवी होती, बाजारात सगळ्यांसमोर हा गोळा माझ्यापुढे आपटायला हवा होता. माझी नोकरी गेली असती. मी दुसरी शोधली असती, माझे हात शाबूत होते. त्याने मला तीसएक वर्षं सभ्यपणे वाट पाहून मारलं, आणि मी प्रत्येक वेळी घाईत होतो.

म्हणून हे इथे, छापून येईल अशा जागी लिहितो. आग श्रीपतच्या हातून लागली नाही. गोळा मी बांधला. त्याने विचारलं तेव्हा मी खोटं बोललो, आणि नंतर ते खोटं चांगल्या अक्षरात लिहून दिलं. संपादकांनी यातला एकही शब्द कमी करू नये.

गोळा माझ्या टेबलावर आहे. लिहिता लिहिता मी तार पाहतो. पीळ उलटा आहे, अजून घट्ट आहे. वर्कशॉपमध्ये असताना माझा एकही पीळ श्रीपतने राहू दिला नव्हता, दिसला की सोडून सुलट घालायचा. हा एवढा एकच त्याने तसाच ठेवला.